काळं तीर्थ

आमच्या कंपनीत नाक शिंकरलं तरी काळं येतं. लोखंडाचा बारीक काळा भुगा आम्ही पोत्यांनी बनवतो. तो शाईत, रंगात, स्पीकरच्या चुंबकात जातो आणि जाता जाता आमच्या नखांत, कानांत, डब्यातल्या पोळीवर बसतो. नाशिकहून सिल्वासाला नोकरीला येताना आणलेले माझे फिकट कुर्ते वर्षभरात फरशी पुसायला गेले. मी रसिका, इथली क्वालिटी केमिस्ट. माल पास की नापास हे माझ्या सहीवर ठरतं, म्हणून अर्धी कंपनी मला टाळते आणि उरलेली अर्धी 'बेन, थोडं ॲडजस्ट करो ने' म्हणत मागे लागते. पण त्या भुग्याची मला कधी किळस आली नाही. साबण लावला की तो निघतो.

किळस यायला लागली ती वरच्या मजल्यावर एसी लॅब झाली तेव्हापासून. पुण्याहून हृषीकेश नावाचे साहेब आले. डॉक्टरेट केलेले, मऊ बोलणारे, दर पाच मिनिटांनी हाताला सॅनिटायझर चोळणारे. पोत्यांचा धंदा कोणीही करतं, आपण याच लोखंडाचे फार सूक्ष्म कण बनवू आणि कॅन्सरच्या औषधात उतरू, असं त्यांनी शेठना पटवलं.

कल्पना खोटी नव्हती, हे आधीच सांगते. कॅन्सरचं औषध म्हणजे विषच असतं. ते शिरेतून सोडलं की सगळ्या अंगात फिरतं, गाठीला मारतं आणि गाठ नसलेल्या जागांनाही मारतं. हेच औषध लोखंडाच्या कणावर बसवून शिरेतून सोडलं आणि गाठीच्या बाहेरून चुंबक धरला, तर कण तिथंच अडकतील, औषध तिथंच उतरेल आणि बाकीचं अंग वाचेल. जगभर मोठमोठे लोक यावर खपताहेत, उंदरांवर प्रयोग करताहेत. मीही हौसेने वाचायचे. शास्त्राची काय किळस यायची? आमच्या लॅबमध्ये मात्र औषध कणावर टिकतच नव्हतं. औषधाचा रंग लालभडक. कण एकदा पाण्याने धुतले की लाल पाणी निघून जायचं आणि तळाला नुसतं काळं लोखंड उरायचं. दर वेळी तेच.

मग साहेबांनी काय करावं? त्यांनी औषध बाजूला ठेवलं आणि बाटली पुढे केली. काचेची उभी बाटली, आत काळं पाणी. बाहेरून चुंबक लावला की सगळा काळेपणा सरसर एका बाजूला येऊन चिकटायचा आणि पाणी नितळ व्हायचं. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू! पाहुणे आले की ही बाटली. शेठचे व्याही आले की ही बाटली. त्यात औषधाचा थेंब नाही, हे मला, साहेबांना आणि बाटलीला ठाऊक होतं.

लॅबमधली काचेची भांडी धुवायला केसरबाई होत्या. चोपड्याकडच्या, नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. नवरा, चिंधा, इथल्याच पिपरियात सुताच्या कारखान्यात पाळीवर. केसरबाई भांडी अशी धुवायच्या की मला दुसऱ्यांदा बघावं लागत नसे, आणि बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. गणपतीच्या सुमाराला एकदा मला लेडीज रूममध्ये नेऊन त्यांनी दार लावलं आणि ब्लाउज बाजूला करून डाव्या छातीतली गाठ दाखवली. लिंबाएवढी होती. मी त्यांना ओढतच सिव्हिलला नेलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. वेळेत सापडलाय, सुरतेला जाऊन औषध सुरू करा, मग ऑपरेशन, बाई बऱ्या होतील, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. दसरा झाला की सुरू करायचं ठरलं. मी दसऱ्याला नाशिकला गेले आणि तिथून शेठने मला थेट दादराच्या युनिटवर ऑडिटला बसवलं. फोनवर विचारलं की केसरबाई म्हणायच्या, 'औषध चालू शे, मॅडम, फिकर नका करू.' माझा विश्वास बसला.

दिवाळीनंतर मी परत आले. सिंकपाशी केसरबाई हसल्या आणि मी जागच्या जागी थांबले. त्यांची जीभ काळी होती. दातांच्या फटी काळ्या. जवळ गेले तर अंगाला वास येत होता, ओल्या पट्टीखाली जखम चिघळल्यावर येतो तसा.

"हे काय खाल्लंत?"

"खाल्लं नही मॅडम, पेलं." त्यांनी इकडेतिकडे बघत पदर सरकवला. छातीला जुन्या साडीची पट्टी घट्ट बांधलेली आणि तिच्यात स्पीकरमधला गोल चुंबक, बशीएवढा. त्याच्या कडेने कातडी सोलवटून लाल झाली होती आणि तिच्यातून पाणी येत होतं. "सुरतेले गेलीच नही, हे आपलंच औषध. रोज सकायी उपाशीपोटी पळीभर घेते. वरतून पानी जाते, इकडून चुंबक वढते. आता तं रोग बाहीर पडू लागला."

"बाहेर पडतो म्हणजे?"

त्यांनी आवाज खाली आणला. "शी काळी होते, मॅडम. निस्ती काळी. इतका रोग व्हता अंगात!"

लोखंड प्यायल्यावर काळी होणार नाही तर काय होणार? ती बाई रोज आपला मळ बघून खूश होत होती, आणि गाठ तिथल्या तिथं वाढत होती.

कोणी सांगितलं, हे विचारल्यावर सगळं बाहेर आलं. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. रिॲक्टरला झेंडूच्या माळा, भट्टीला हळदकुंकू, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. त्या दिवशी वरच्या लॅबमध्येही चौरंग मांडला गेला आणि त्यावर ती बाटली आणि चुंबक. पैसे गुंतवणारी दोन-चार माणसं आली होती, त्यांना हे फार आवडलं म्हणे. साहेबांनी केसरबाईंना पुढे बोलावलं, सवाष्ण म्हणून बाटलीला हळदकुंकू वाहायला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे औषध तुमच्यासारख्या बायांसाठीच आहे बरं का, केसरबाई." मग आरती झाली. आरती झाल्यावर पूजेतल्या द्रवाचं काय करतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. केसरबाईंनी बाटलीतले दोन थेंब उजव्या तळहातावर घेतले, डोळ्यांना लावले आणि प्यायल्या.

"साहेब होते तिथं?"

"व्हते ना. हसले. फोटू काढला माझा. दुसऱ्या दिवशी मीच मागली, तं लहान बाटली भरून देली त्यांनी. संपली का परत देता. देवमानूस शे, मॅडम."

मी तशीच केबिनमध्ये शिरले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. साहेब लॅपटॉपवर काहीतरी रंगवत बसले होते.

"केसरबाईंना तुम्ही ते काळं पाणी प्यायला देता?"

"बस ना, रसिका." त्यांनी हाताला सॅनिटायझर लावलं. "देतो म्हणजे, ती घेते. श्रद्धा आहे तिची. आणि लोखंडच आहे गं ते. अशक्त बायांना गोळ्या देतातच की."

"तिने सुरतेला जाणं बंद केलंय. मुळात सुरूच केलं नाही."

"तो तिचा निर्णय आहे. मी तिला जाऊ नको असं एकदाही म्हटलेलं नाही."

हे खरं असणार. असली माणसं जाऊ नको असं कधी म्हणत नाहीत. मी काही बोलायच्या आत ते पुढे वाकले आणि आवाज आणखी मऊ करून त्यांनी विचारलं, "बरं, तू बाई आहेस, तुला दाखवेल. गाठ जरा कमी झालीये का गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. नुसतं लोखंड पाजून, वर स्पीकरचा चुंबक बांधून, फुकटात एखादी बाई बरी झाली तर बघू, नाही झाली तर तिचा निर्णय. आणि ते मला मोजायला सांगत होते. त्यांच्या स्क्रीनवर केसरबाईंचा फोटो होता, तळहात ओठांना लावलेला, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक आदिवासी महिलांचा सहभाग'. केसरबाई चोपड्याच्या. त्या आदिवासीही नाहीत आणि इथल्याही नाहीत. पण फोटो चांगला आला होता.

"शी!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. इतकी वर्षं मी रिपोर्ट लिहिते, शब्दांना कमी नाही. पण त्या केबिनमध्ये दुसरा शब्द सापडेना.

शेठकडे गेले. शेठ म्हणाले, आठवड्याच्या शेवटी पैसे गुंतवायला सुरतचे मोटाभाई यायचेत, ते होऊ दे, मग बघू.

मग मी केसरबाईंच्या मागे लागले. समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. त्यांच्यासमोर ती बाटली धरून म्हटलं, "यात औषध नाही हो! नुसतं लोखंड आहे. आणि औषध असतं तरी ते पिऊन चालत नाही, शिरेतून द्यावं लागतं. चुंबक रोग ओढत नाही, केसरबाई. तो औषध धरून ठेवतो. इथं धरायला औषधच नाही."

त्या ऐकून घ्यायच्या आणि मला चहा आणून द्यायच्या. नवरा सुताच्या कारखान्यात जायच्या आधी मशीनवर होता तेव्हा त्याच्या डोळ्यात लोखंडाचं कुसळ गेलं होतं, ते उस्तादाने चुंबक फिरवून काढलं होतं. ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. चुंबक बाहेर ओढतो, हे त्यांच्या घरात सिद्ध झालेलं होतं. आणि चाळीतली कोंडाबाई सुरतेला जाऊन आली, तिचे केस गेले, ती ओकून ओकून अर्धी झाली आणि मेली, हेही त्यांनी पाहिलेलं. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? नुसती तोंडाची वाफ.

"यात काही नसतं मॅडम," त्या एकदा म्हणाल्या, "तं साहेबांनी माझ्या हातून हळदकुंकू कशाले वाहाडलं? कोनी बिनकामाच्या पान्याची आरती करते का?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्यांना पटणारं नव्हतं. साहेबांसारखी माणसं बिनकामाच्या पाण्याचीच आरती करतात.

मोटाभाई आले. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, कपाळाला गंध. बरोबर मुलगा आणि सीए. लॅब धुऊनपुसून ठेवली होती, टेबलावर स्टीलच्या मोठ्या ताटात काजूकतली आणि सुकामेवा. शेठ दाराशी हात बांधून उभे. मी ठरवून आले होते की आज सगळ्यांसमोर बोलायचं, मग नोकरी गेली तरी चालेल.

साहेबांनी बाटली उचलली. चुंबक लावला, काळं एका बाजूला गेलं, पाहुण्यांनी वाहवा केली. पडद्यावर केसरबाईंचा फोटो आला. साहेब म्हणाले, "ही आमचीच कामगार भगिनी. हिला स्वतःला हा आजार आहे. तिचा या तंत्रज्ञानावरचा विश्वास बघा." आणि दाराकडे बघून त्यांनी हाक मारली, "केसरबाई, या, या ना पुढे!"

केसरबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. हातात तांब्याची पळी आणि वाटी. वाटीत काळं पाणी. मला वाटतं, त्यांनी मनाशी सगळं आधीच ठरवलं होतं. पाहुणे आलेत, पूजेचं औषध आहे, मग तीर्थ आधी वडीलधाऱ्यांना द्यायला नको? त्या सरळ मोटाभाईंपुढे गेल्या, वाकल्या आणि पळी पुढे केली.

मोटाभाईंनी विचारसुद्धा केला नाही. आयुष्यभराची सवय. समोर पळी आली की उजवा तळहात खळगा होऊन पुढे येतोच. केसरबाईंनी पळी वाकडी केली, काळे थेंब त्या गोऱ्या, स्वच्छ तळहातावर पडले आणि म्हाताऱ्याने हात तोंडाकडे नेला.

"नाही! सर, नको, ते पिऊ नका!"

साहेब खुर्ची पाडून धावले. त्यांनी मोटाभाईंचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "पिऊ नका सर, प्लीज, ते पोटात घ्यायचं नसतं!" खिशातून रुमाल काढून ते म्हाताऱ्याचा तळहात खसाखसा पुसायला लागले. मग सॅनिटायझर. मग पुन्हा रुमाल.

केसरबाई वाकलेल्याच होत्या. त्या साहेबांच्या हातांकडे बघत होत्या. किती घाईने पुसतायत, नखांच्या कडासुद्धा, हे त्या नीट बघत होत्या. मी इतके दिवस घसा फोडून जे सांगत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसलं, आणि मला आनंद झाला नाही. मला रडू आलं.

त्या सरळ झाल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "मले तं नही थांबवलं."

मोटाभाईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने सीएकडे. साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "केसरबाई, तुमचं वेगळं आहे..."

"काय येगळं शे?"

साहेबांनी पुन्हा सॅनिटायझर उचललं. मग मी तोंड उघडलं. बाटलीत औषधाचा थेंब नाही, कधीच नव्हता, लाल औषध कणावर टिकत नाही आणि या बाईचे उपचार या बाटलीपायी बुडालेत, हे सगळं मी हिंदीतून, मोटाभाईंना कळेल असं, एका दमात सांगितलं. शेठ मध्ये 'बेन, बेन' करत होते. मी थांबले नाही.

केसरबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदराआड हात घालून त्यांनी पट्टी सोडली आणि चुंबक टेबलावर ठेवला. तो ठेवताक्षणी खाणकन स्टीलच्या ताटाला जाऊन चिकटला. काजूकतली उडून सीएच्या मांडीवर पडली. चुंबकाच्या कडेला जखमेतलं पिवळं लागलेलं होतं, ते आता ताटाला लागलं. साहेब तो काढायला गेले आणि बोटांना ते लागताच त्यांनी हात झटकन मागे घेतला.

मोटाभाई उठले. पैसे गुंतवणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण शेठने कॅन्टीनमध्ये उंधियो करवला होता, म्हणून जेवायला मात्र सगळे थांबले. सीएने दोनदा घेतला. मी काचेतून बघत होते आणि मला त्या माणसांच्या चावणाऱ्या तोंडांचीसुद्धा शिसारी येत होती. साहेब अजून नोकरीवर आहेत. फोटो अजून वेबसाइटवर आहे. फक्त 'आदिवासी' शब्द काढलाय, माझ्या ईमेलनंतर, आणि त्याबद्दल माझे आभार मानलेत.

दुसऱ्या दिवशी मी केसरबाईंना घेऊन सुरतेला गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सोलवटलेली कातडी बघितली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले, मग म्हणाले, गाठ वाढलीये, पण अजून हातात आहे, जखम सुकली की लगेच सुरू करू. आणखी दोन-चार महिने गेले असते तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिल्या औषधाच्या दिवशी मी शेजारी बसले होते. नर्सने आधी साधं सलाईन सोडलं, मग लालभडक औषध आणलं. आमच्या लॅबमध्ये कणावर टिकत नव्हतं ते, तेच. नळीतून लाल रेघ केसरबाईंच्या हाताकडे यायला लागली. त्यांनी जीभ ओठावरून फिरवली. तिचा काळेपणा आता गेला होता.

"मॅडम, हे तुम्ही पेसान का?" त्यांनी विचारलं.

"नाही. हे प्यायचं नाही. आणि आजार नसेल तर शिरेतूनही घ्यायचं नाही. फार जहाल असतं."

त्यांनी मान हलवली. खोटं न सांगितल्याचं त्यांना बरं वाटलं असावं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "याले चुंबक नही लावत?"

"नाही."

"मंग याले गाठ कशी सापडते?"

"नाही सापडत, केसरबाई. हे सगळ्या अंगात जातं. म्हणून तर केस जातात, तोंड येतं, उलट्या होतात."

"सगळीकडं जाते?"

"सगळीकडं."

त्या लाल नळीकडे बघत राहिल्या. मग हात आणखी सरळ करून गादीवर ठेवला.

"मंग गाठ लपनार कुठं?" केसरबाई म्हणाल्या.